रीत राहते, गोष्ट जाते

गणपतीचं विसर्जन झालं की आठवडी बाजाराचा रंग बदलतो. केवडा, दुर्वा, कमळाच्या टोपल्या दिसेनाशा होतात आणि त्यांच्या जागी अळूच्या जुड्या, गवार, भेंडी, दोडका, लाल भोपळ्याच्या फोडी येऊन बसतात. भाद्रपद वद्य प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंतचा हा पितृपंधरवडा. कुणी त्याला पक्ष म्हणतं, कुणी श्राद्धपक्ष. आमच्या सातारा भागात म्हणतात ‘म्हाळ’. ‘उद्या आमच्याकडं म्हाळ हाय, जेवायला या,’ असं आमंत्रण गल्लीत रोज कुणाकडून तरी येतंच.

या पंधरा दिवसांत नवी खरेदी नको, लग्नाची बोलणी नकोत, असं म्हणतात. बाकी सगळी कामं थांबतील, पण स्वयंपाकघरातल्या बाईला कुठली सुट्टी? खीर, वडे, अळूची भाजी, कढी, आमसुलाची चटणी, पाच-सात भाज्या... पहाटेपासून चूल (आता गॅस!) पेटलेलीच असते. पान वाढायचं, कावळ्याला घास ठेवायचा, गाईला नैवेद्य द्यायचा आणि मग पाहुण्यांच्या पंगती.

हे सगळं आपण ज्यांच्यासाठी करतो, त्यांच्याबद्दल आपल्याला माहिती किती असते? मैत्रिणींनो, एक गंमत करून बघा. एक कागद घ्या आणि त्यावर आपल्या आजीच्या आईचं नाव लिहा. मग आजीच्या सासूचं. मग सासूबाईंच्या आजीचं. आमच्या महिला मंडळात हा खेळ आम्ही खेळलो. बावीस जणी होतो. पणजोबांचं नाव बहुतेकींना आलं. पणजीचं नाव सांगता आलं फक्त सहा जणींना. आणि त्या सहांतल्या चार जणींना ते सासरचं नाव की माहेरचं, हे सांगता येईना!

यात आश्चर्य तरी काय म्हणा. तर्पणाच्या वेळी गुरुजी तीन पिढ्यांची नावं विचारतात. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. म्हणजे रीतीत बाईला जागा आहे. अविधवा नवमी तर खास सवाष्ण गेलेल्या बायकांचीच. त्या दिवशी सवाष्णीला जेवायला बोलावतात, तिची ओटी भरतात. पण नाव विचारलं की पुरुषांचं चटकन आठवतं आणि बाईचं आलं की घरात कुजबुज सुरू होते, ‘काय गं, आजींचं नाव काय होतं? सगळे तर त्यांना माईच म्हणायचे...’

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं आपलं नवं नाव लिहितात, तिथंच जुनं नाव पुसायला सुरुवात होते. पुढं ती अमक्याची सून, तमक्याची आई, मग कुणाची तरी आजी होते. उखाण्यात आपण जन्मभर नवऱ्याचं नाव घेतो. आपलं नाव घेणारं कोण असतं? आई-वडील गेले की ते नाव हाक मारायलाही उरत नाही.

ज्यांनी लिहून ठेवलं त्यांचं तेवढं राहिलं. लक्ष्मीबाई टिळक म्हणजे माहेरच्या मनू गोखले, रमाबाई रानडे म्हणजे माहेरच्या यमुना, बाया कर्वे म्हणजे माहेरच्या गोदू जोशी. हे आज आपल्याला माहीत आहे, याचं मोठं कारण म्हणजे या तिघींनी आपापल्या आठवणी लिहिल्या. रमाबाईंचं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ १९१० साली आलं, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून यायला लागली, बायांचं ‘माझे पुराण’ १९४४ चं. पण ज्यांना लिहिता येत नव्हतं, ज्यांनी जन्मभर फक्त भाकऱ्या थापल्या आणि शेतं राखली, त्यांचं काय?

स्वयंपाकघरातलं पान

आता आमच्या घरातली गोष्ट सांगते.

मी १९९५ साली या घरात आले. गाव दुष्काळी पट्ट्यातलं, माणदेशाच्या बाजूचं. पहिल्याच वर्षी म्हाळाच्या दिवशी पाहिलं की सोप्यात पितरांचं पान वाढून झाल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात भिंतीकडेला आणखी एक लहान पान मांडतात. त्यावर सगळ्या पदार्थांबरोबर एक मूठ सुकडी ठेवतात. गव्हाचं पीठ तेलावर खरपूस भाजायचं आणि त्यात गूळ घालायचा, तीच ही सुकडी. वडे, खीर, भजी यांच्या शेजारी ही कोरडी मूठ जरा विचित्रच दिसायची. ‘आपल्यात असतं तसं,’ एवढंच सासूबाई म्हणायच्या. आमच्या थोरल्या चुलत जाऊबाईंनी तर आपल्या सुनेला तो घरचा कुळाचारच म्हणून शिकवला. तिनंही विचारलं नाही. या घरात सुनांनी विचारायची पद्धत नव्हती, करायची होती.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचं विसरणं वाढलं. सकाळी गोळी घेतली का, दूधवाल्याला पैसे दिले का, हे त्यांना आठवेना. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे चालायचंच, पण त्यांच्याशी बोलत राहा. माझी लेक तेव्हा सुट्टीला घरी आली होती. ती दुपारी आजीच्या बाजेवर बसायची आणि काहीबाही विचारायची. एका दुपारी तिनं सहज विचारलं, ‘आजी, ती सुकडी कुणासाठी असते गं?’

सकाळचं न आठवणाऱ्या सासूबाई उठून बसल्या आणि दीड तास बोलल्या. लेकीनं मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, म्हणून ते आज आमच्याकडे आहे.

ती सुकडी आत्याबाईंसाठी असते. आत्याबाई म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांची बहीण. बाराव्या वर्षी लग्न आणि पंधराव्या वर्षी पांढरं कपाळ. सासरच्यांनी महिनाभरात माहेरी आणून सोडलं. पुढं भावाची बायको दोन लहान पोरं मागं ठेवून वारली, तेव्हा त्या पोरांना आत्याबाईंनीच वाढवलं. त्यातलेच एक माझे सासरे. त्यांच्या तोंडी ‘आई’ म्हणून जी कुणी असेल, ती ह्या आत्याबाईच होत्या.

मग १९७२ चा दुष्काळ आला. आपल्यापैकी पन्नाशी-साठीच्या पुढच्या बायकांना तो सांगायला नको. विहिरी आटल्या, जनावरं गेली, रेशनवर अमेरिकेची लाल ‘मिलो’ ज्वारी आली. सरकारनं ठिकठिकाणी दुष्काळी कामं काढली. खडी फोडायची, रस्ते करायचे, पाझर तलाव बांधायचे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात या कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. रोजगार हमीचा १९७७ चा कायदा याच अनुभवातून झाला, असं पुस्तकात आपण वाचतो. त्या पन्नास लाखांत आमच्या आत्याबाई होत्या, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नाही.

आजेसासरे तेव्हा दम्यानं अंथरुणाला खिळलेले. विहिरीचं रान विकायचं ठरलं होतं, गिऱ्हाईकही येऊन बघून गेलं होतं. आत्याबाई तेव्हा साठीच्या घरात. त्या म्हणाल्या, ‘मी हाय तवर रान इकायचं न्हाई.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही सुनांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना आणि त्यांच्या थोरल्या जावेला, बरोबर घेतलं आणि तिघी खडीवर गेल्या. सासूबाई तेव्हा चोवीस वर्षांच्या, पदरात दुसरं लेकरू, म्हणजे माझे ‘हे’. पोर झाडाखाली झोळीत टाकायचं आणि हातोडी घ्यायची. कामावर मजुरांना सुकडी वाटायचे. आत्याबाई स्वतःच्या वाट्याची सुकडी खायच्या नाहीत. पदराच्या गाठीला बांधून घरी आणायच्या आणि वाट बघत बसलेल्या नातवंडांना मूठ-मूठ द्यायच्या. बैलांच्या वैरणीसाठी त्यांनी आपली पुतळ्यांची माळ मोडली. त्यांच्या अंगावर तेवढाच एक डाग उरला होता.

रान राहिलं. आज त्यात डाळिंब आहे. आमच्या आणि चुलत घरातल्या सगळ्या पोरांची शिक्षणं त्या रानावर झाली.

न आवडणारा भाग

गोष्ट इथं थांबली असती तर सगळ्यांनाच आवडली असती. पण सासूबाई थांबल्या नाहीत.

१९७३ च्या उन्हाळ्यात आजेसासरे गेले. वर्षभरात भावाभावांच्या वाटण्या झाल्या. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं लागली. आत्याबाईंना कुणी विचारलं नाही. त्यांनीही काही मागितलं नाही. मग त्यांचं करायचं कुणी, असा प्रश्न आला. ठरलं की एक महिना थोरल्याकडं, एक महिना धाकट्याकडं. महिना संपला की आपली वाकळ आणि तांब्या घेऊन त्या अंगण ओलांडायच्या. एखाद्या महिन्याला एकतीस दिवस असले, की त्या एकतिसाव्या दिवसावरून दोन्ही चुलींत धुसफूस व्हायची. १९७७ साली त्या गेल्या, तेव्हा त्या अंगणातच होत्या. कुणाच्या महिन्यात गेल्या, यावरून दिवसांच्या खर्चाचं ठरलं.

‘तिचं जेवान आम्ही मोजलं गं,’ सासूबाई नातीला म्हणाल्या. रेकॉर्डिंगमध्ये त्यापुढे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज आहे.

त्याच वर्षीच्या म्हाळापासून सासूबाईंनी ते पान सुरू केलं होतं. कुणाला न सांगता. त्यांच्याकडून झालेल्याची ही त्यांनी आपल्यापुरती केलेली भरपाई होती.

लेकीनं हे सगळं घरात सांगायचं ठरवलं, तेव्हा पहिला विरोध आमच्या थोरल्या चुलत दिरांचा. सगळे त्यांना दादा म्हणतात. ‘कशाला जुनी मढी उकरायची? माझी आई आता जिवंत नाही. तिला नावं ठेवायला हे काढलंय का?’ त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. आपल्या मेलेल्या आईबद्दल कोण ऐकून घेईल? सासूबाईच त्यांना म्हणाल्या, ‘आरं, मी मला पण ठेवतीय नावं. पोरांना कळू दे, रान कुणी राखलं त्ये.’

दादा उठून गेले. आठ दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. सर्वपित्री अमावास्येला दोन्ही घरं एकत्र जेवतात. ज्यांची तिथी माहीत नाही अशा सगळ्यांची आठवण त्या दिवशी करायची असते. दादा येतील की नाही, अशी धाकधूक होती. ते आले. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि भिंतीकडचं पान बघून म्हणाले, ‘हे इथं का? सोप्यात ओळीत घ्या.’ जेवताना मुलांना त्यांनीच सांगितलं, की आत्याबाई लांबून येताना दिसल्या की आम्ही बांधावर पळत सुटायचो. त्यांच्या पदराची गाठ सुटायला वेळ लागायचा, तेवढा पण धीर निघायचा नाही आम्हाला. दादा तेव्हा पाच वर्षांचे होते. बावन्न वर्षं ती गाठ त्यांच्या मनात होती, पण ती सांगायला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलं गावच्या वरच्या अंगाचा पाझर तलाव बघून आली. त्याच दुष्काळात बांधलेला. तोवर तो त्यांच्यासाठी नुसता पोहायचा तलाव होता.

आत्याबाईंचं नाव मी इथं लिहीत नाही. ‘गोष्ट लिही, पण पेपरात नाव नको. नाव घरात घ्या,’ असं सासूबाईंनी बजावलंय. ते आता घरात घेतलं जातं. वंशावळीच्या कागदावर लेकीनं ते आजेसासऱ्यांच्या शेजारी लिहिलं आहे, आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढून माझ्या सासऱ्यांशी आणि त्यांच्या भावाशी जोडलं आहे. पोटची नसली तरी पोरं तिचीच होती ना!

आपापली पद्धत

या गोष्टीनंतर मी आसपासच्या बायकांना विचारायला लागले. आठवण ठेवायची पद्धत प्रत्येकीकडे निराळी. माझी शेजारीण खानदेशातली. तिच्याकडे पितरांची आठवण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. पाण्यानं भरलेली मातीची घागर पुजायची, वर डांगर ठेवायचं, आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. ऐन उन्हाळ्यातल्या त्या सणाला गेलेल्यांना थंड पाणी द्यायचं, ही कल्पनाच किती मायेची आहे! आमच्या शाळेतल्या एक बाई वसईकडच्या ख्रिस्ती. दोन नोव्हेंबरला त्या गावी जाऊन आई-वडिलांच्या थडग्यावर फुलं वाहून मेणबत्त्या लावतात. मुस्लिम मैत्रिणीकडे शब-ए-बारातला घरातली पुरुषमंडळी कबरस्तानात जातात आणि बायका घरी दुआ मागतात. बौद्ध कुटुंबात पुण्यानुमोदनाला सगळे जमतात, गेलेल्या माणसाबद्दल चार जण उठून बोलतात. मला ही बोलण्याची पद्धत फार आवडली. आमच्या म्हाळाला माणसं जेवतात, पान खातात आणि ‘स्वयंपाक झ्याक झाला’ म्हणून निघून जातात. ज्याचा म्हाळ, त्याच्याविषयी अवाक्षर नाही!

रीत तशीच राहते आणि तिच्या आतली गोष्ट निघून जाते, असं कितीतरी घरांत होतं. देवघरातल्या टाकांत एखादा टाक कुणाचा, हे कुणाला माहीत नसतं. अमक्या दिवशी घरात शेवग्याची भाजी करायची नाही, एवढंच ठाऊक असतं. त्यामागं कुणाचं तरी जगणं किंवा जाणं असतं. सांगणारं शेवटचं माणूस गेलं, की मग गुरुजींनाही विचारून उपयोग नाही.

विचारायचं कसं?

‘आजी, तुमच्या आयुष्याबद्दल काहीतरी सांगा,’ असं म्हटलं की हमखास उत्तर येतं, ‘आमचं काय गं, रांधा वाढा उष्टी काढा.’ म्हणून वस्तूपासून सुरुवात करावी.

सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे भांडी! माळ्यावरचे पितळी डबे, तांब्याचे हंडे, कळशा खाली काढा आणि घासून त्यांचे काठ बघा. लग्नात आलेल्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधीकधी तारीखसुद्धा. सातबाऱ्यावर नसलेली बायकांची नावं मला भांड्यांवर सापडली. माझ्या मंडळातल्या एकीला तिच्या पणजीचं माहेरचं नाव एका गंजाच्या काठावर मिळालं. मोडीत घालायला काढलेला गंज तिनं परत माळ्यावर नाही, तर बैठकीच्या खोलीत ठेवलाय.

दुसरी वस्तू म्हणजे वाकळ किंवा गोधडी. एकेका ठिगळावर बोट ठेवून विचारा, हे लुगडं कुणाचं? तिसरी म्हणजे जुने फोटो. फोटोतली माणसं ओळखणारं माणूस घरात असेपर्यंत, प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीनं हलक्या हातानं नावं लिहून ठेवा. पेन नको, शाई पुढं उतरते.

जुन्या बायकांना जन्मसाल सांगता येत नाही, पण त्याची खूण सांगता येते. ती खूण पकडायची. ‘मानमोडीच्या साथीत’ म्हणाल्या तर ते १९१८. ‘पानशेत फुटलं त्या साली’ म्हणजे १२ जुलै १९६१. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पाळण्यात होता’ म्हणजे ११ डिसेंबर १९६७. ‘नवे पैसे आले’ ते १९५७ मध्ये. मराठवाड्यातल्या मैत्रिणींना ‘किल्लारी’ म्हटलं की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवेल. अशा खुणा एका वहीत ओळीनं लिहीत गेलं, की घराचा इतिहास आपोआप मांडला जातो.

ओव्या येत असतील तर त्या जरूर गाऊन घ्या. जात्यावर बसून बायकांनी आई, भाऊ, लेक, सासुरवास, सगळं त्या ओव्यांत सांगून ठेवलंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत फिरून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, तेही गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावासकट. त्यातल्या कितीतरी ओव्या २०१७ पासून इंटरनेटवर ऐकायलाही मिळतात. लेकीनं सासूबाईंना त्या मोबाइलवर लावून दिल्या, तर त्या ऐकता ऐकता स्वतःच पुढची ओवी म्हणायला लागल्या!

रेकॉर्डिंग करताना एक पथ्य पाळायला हवं. आधी विचारून घ्यायचं. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरेत, म्हातारं माणूस दमतं. दुपारची जेवणं झाल्यावरची वेळ चांगली. आणि ऐकलेलं लगेच फॅमिली ग्रुपवर टाकायचं नाही. ‘हे तुझ्यापाशीच ठेव,’ असं म्हणून सांगितलेलं आपल्यापाशीच राहायला हवं. ते विश्वासानं दिलेलं असतं. मात्र ते एकाच मोबाइलमध्ये ठेवू नका. मोबाइल पडतो, पाण्यात जातो. त्याची एक प्रत लेकीकडे, एक मुलाकडे, आणि महत्त्वाचं ते वहीत हातानं लिहून ठेवलेलं बरं.

चांगलंच तेवढं सांगायचं का?

मंडळात मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा एका बाईंनी विचारलं, ‘पितरांबद्दल वाईट बोलू नये ना?’ प्रश्न बरोबर आहे. पण महिना वाटून जेवलेली आत्याबाई गोष्टीतून काढून टाकली, तर उरतं काय? फक्त ‘आमच्या घराण्यानं दुष्काळात जमीन राखली.’ मग जमीन घराण्यानं राखली असंच होतं, एका विधवा बाईनं राखली असं होत नाही. तिच्याविषयी मोठं बोलायचं आणि तिला काय मिळालं ते लपवायचं, हा मान नाही.

शिवाय अशा गोष्टीनं पुढचं वागणं बदलतं. आमच्या घरात एक आतेसासूबाई आहेत, सत्तरीच्या, एकट्या. त्यांनी कुणाकडे राहायचं हा विषय घरात निघाला, तेव्हा दादा एकच वाक्य बोलले, ‘महिने मोजायचे नाहीत.’ विषय तिथंच संपला. त्या आता आमच्या शेजारच्या खोलीत राहतात. त्यांच्या मनाला येईल तेव्हा दादांकडे जातात आणि मनाला येईल तेव्हा परत येतात.

पुढच्या पिढीचं काम थोडं सोपं होतंय. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांवर आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावायचा निर्णय झाला. निदान पणतीला पणजीचं नाव शोधायला गंजाचे काठ घासावे लागणार नाहीत. पण कागदावर नाव येईल, गोष्ट नाही येणार. ती सांगावीच लागते. आणि ती सांगायचं काम आजवर बायकांनीच केलंय, शेंगा निवडताना, पापड लाटताना, लेकीच्या वेण्या घालताना.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदाच्या पक्षात नेहमीच्या भाज्या, खीर, वडे करालच. एखादी भाजी कमी झाली तरी पितर रागावणार नाहीत. त्या वाचलेल्या अर्ध्या तासात घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईजवळ जाऊन बसा. आणि पंगत उठण्याआधी, ज्यांच्यासाठी पान वाढलंय त्यांची एक तरी गोष्ट पोरांसमोर मोठ्यानं सांगा. सुरुवात त्यांच्या माहेरच्या नावापासून करा. बघा, पोरं हात वाळेपर्यंत उठणार नाहीत!